बाबाच्या गुळावर माशी बसत नाही

भोंगऱ्याच्या बाजारात माश्या किती असतात, हे ज्याने पाहिलंय त्यालाच कळेल. होळीच्या तोंडावरचा तो बाजार. सातपुड्यातले झाडून सगळे पाडे खाली उतरतात, ढोल घुमतात, जिलेबीच्या कढया चढतात आणि साखरेच्या हार-कंगनांवर माणसांच्या आधी माश्याच तुटून पडतात. हलवाई एका हाताने तोलतो, दुसऱ्या हाताने फडकं हलवतो. चोपड्याच्या वरच्या अंगाला भरणाऱ्या त्या बाजारात यंदा मात्र गर्दी हलवायाकडे नव्हती. सगळी गर्दी चिंचेखालच्या भगव्या मांडवापाशी लोटली होती.

मांडवात पाट, पाटावर पितळी परात, परातीत फोडून ठेवलेली गुळाची ढेप. उघडी! आणि तिच्यावर एक माशी नाही. मुंगीसुद्धा नाही. चार पावलांवरचा जिलेबीवाला माश्यांनी काळवंडलाय आणि इथे गूळ नुकता गुऱ्हाळातून आल्यासारखा लख्ख.

"देखा, बठ्ठा देखा!" बाबाचा चेला मगन सगळ्यांना घसा फाडून बोलावत होता. "माशी येस, बाबाना वारा लागस, नि माशी परत जास!"

सगळ्याच परत जात नव्हत्या. मधूनच एखादी माशी परातीवर टांगलेल्या भगव्या छताखाली घिरटी घालायची, टपकन खाली पडायची आणि पाय झाडायची.

"मुक्ती!" मगन उडी मारायचा. "मुक्ती भेटी गई!"

माशीलाही मोक्ष देणारा बाबा! आणखी काय हवं होतं लोकांना?

निर्मळनाथ बाबा मागे गादीवर बसला होता. दाढी नीट विंचरलेली, गळ्यात रुद्राक्ष, बोटांत खड्यांच्या अंगठ्या. आवाज असा की लोण्यातून सुरी फिरावी.

"माशी म्हणजे काय?" तो विचारायचा आणि उत्तरही स्वतःच द्यायचा. "माशी म्हणजे रोग. रोग म्हणजे बाधा. बाधा येते वरून, म्हणून कवच बांधायचं वर. आजकाल सायन्सपण हेच सांगतं!"

सायन्सने बाबाला हे कधी कळवलं, ते कुणी विचारलं नाही. कवच म्हणजे भगव्या कापडाचा चौकोन. दोन पदर एकत्र शिवलेले, मध्ये काहीतरी चुरचुरणारं. ते बाळाच्या झोळीवर बांधायचं, तोंडावर सावली पडेल असं. धुवायचं नाही. उसवायचं तर अजिबात नाही.

"आत मंत्राचा कागद आहे," बाबा डोळे मिटून म्हणायचा. "उसवलात की बाधा दुपटीने उलटेल. मग माझ्याकडे रडत येऊ नका."

ममता गर्दीत उभी होती. कडेवर आठ महिन्यांचा बबलू, शेजारी सासू नानीबाई. ममता आश्रमशाळेत दहावीपर्यंत शिकलेली. बाबाचं सायन्स ऐकून तिला फिस्सकन हसू आलं.

"माय, गुयले काहीतरी लायेल व्हई," ती सासूला म्हणाली. (ही माणसं घरात पावरी बोलतात, बाहेर अहिराणी. गोष्टीत अहिराणीच ठेवली आहे, वाचणाऱ्याची फरफट नको.)

मगनचे कान तिखट. त्याने गुळाचा खडा उचलून तिच्यापुढे धरला. "ले वहिनी, खाईसन देख!"

ममताने खाल्ला. गूळ चांगला गोड होता. लोक हसले, ती ओशाळली. तिचा संशय अगदी रास्त होता हो, फक्त तिने तो गुळावर घेतला. डोक्यावरच्या छताकडे तिने मान वर करून पाहिलं नाही.

नानीबाई मात्र हसली नाही. ती त्या परातीकडे टक लावून बघत होती. तिची दोन लेकरं लहानपणीच हगवणीने गेली होती. तेव्हा आरोग्याच्या बाईंनी पाड्यावर येऊन सांगितलं होतं की माश्यांपासून जपा, माश्याच हगवण आणतात. म्हातारीने ते जन्मभर मनात धरलं. आता सांगा, तिला अडाणी कोणत्या तोंडाने म्हणायचं? आरोग्याच्या बाईंचं खरं होतं. त्या खऱ्याला खिंडीत गाठून बाबाने आपली खोटी गाठ मारली. नानीबाईने पायातलं चांदीचं कडं काढून बाबापुढे ठेवलं आणि कवच घेतलं.

"माशीनी मना दोन नेलात," ती ममताला म्हणाली. "ह्याले नही नेऊ देवाव."

ममताने बबलूला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि घरची वाट धरली.

पहिले काही दिवस सासूचंच खरं ठरलं. झोळीवर कवच चढलं आणि माश्या गेल्या, डास गेले. बबलू दुपारचा शांत झोपू लागला. शेजारच्या घरात ममताची जाऊ ललिता राहायची. तिची रोशनी बबलूहून थोडी मोठी. बाजार उठला तरी बाबाचा मांडव चिंचेखाली दर गुरुवारी भरत राहिला, तिथून ललितानेही कवच आणलं. बघता बघता पाड्यावर झोळी तिथे भगवा चौकोन झाला.

बबलूला दात येत होते. हाताला लागेल ते तोंडात. कवचाचा एक कोपरा झोळीत लोंबायचा, तो त्याला फार आवडायचा. दिवसभर चघळायचा आणि खुदखुदायचा. नानीबाई कौतुकाने म्हणायची, "देवनं देणं गोड लागस त्याले."

मग त्याला लाळ सुटली. दातांची असेल, सगळे म्हणाले. मग डोळ्यांतून पाणी. मग जुलाब. उन्हाळा आहे, सगळे म्हणाले. मग सावलीतही घामाने भिजायला लागला, आणि अंगावर प्यायला घेतला की मान लुळी टाकायला लागला.

"दवाखानामा लई जाऊत," ममता नवऱ्याला म्हणाली.

कुवरसिंग वाईट माणूस नव्हता. पण आई एका बाजूला रडत होती, बायको दुसऱ्या बाजूला, आणि बाबाचा मांडव दवाखान्यापेक्षा जवळ होता. ते बाबाकडे गेले.

"लाळ गळते?" बाबाचा चेहरा उजळला. "उत्तम! बाधा पातळ होऊन बाहेर पडतेय. जुन्या कवचाची शक्ती संपली. मगन, ताजं कवच दे. पुढच्या गुरुवारपर्यंत थांबा."

ताजं कवच झोळीवर चढलं. त्याचा वास जास्त उग्र होता. बाबा म्हणाला होता, धुपाचा आहे.

पुढचा गुरुवार आलाच नाही. एका सकाळी बबलूचे हातपाय झटके देऊ लागले, तोंडाला फेस आला, छातीत घरघर. कुवरसिंगने मोटारसायकल काढली आणि ममता पोराला पोटाशी आवळून मागे बसली. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर हेमांगी होत्या. त्यांनी बबलूच्या डोळ्यांत बॅटरी मारली. बुबुळांतली काळी बाहुली राईच्या दाण्याएवढी झाली होती.

"फवारणीचं औषध पोटात गेलंय," त्या सिस्टरकडे वळून भराभर इंजेक्शनांची नावं सांगू लागल्या. मग ममताकडे वळल्या. "घरात कुठलं औषध ठेवता? पिकावर मारायचं?"

"नही बाई. आमनाकडे पीकच नही. आम्ही दुसराना बागमा मजुरी करतस."

"आठव. डबा, बाटली, पिचकारी?"

"काहीच नही," ममता म्हणाली, आणि ते तिच्या लेखी खरंच होतं.

डॉक्टरांनी हातचं काही राखलं नाही. पण इंजेक्शनं उशिरा पोचली होती. दुपारी बबलू गेला. ममताच्या पोलक्यावर दुधाचे डाग पडलेले, आणि पिणारा नाही. तो दिवस तिच्यावर कसा गेला ते सांगायला शब्द नाहीत आणि सांगूही नये.

निघताना डॉक्टर हेमांगी तिच्याजवळ बसल्या. "ममता, हे विष आहे. नमुना पाठवलाय, उत्तर यायला वेळ लागेल. कुठून आलं ते मला माहीत नाही. पण जिथून आलं, तिथे ते अजून असेल. तुमच्या शेजारीपाजारी लहान मुलं आहेत ना?"

बबलूला नाल्याच्या वरच्या कडेला मातीत ठेवलं. बाबाने निरोप धाडला: बाधा जबर होती, एक कवच अपुरं पडलं. झालं! नानीबाईने काय करावं? बबलूच्या रिकाम्या झोळीवरचं कवच सोडलं आणि रोशनीच्या झोळीवर दुसरं म्हणून बांधलं. एक नातू गेला, नात तरी वाचो. आणि रोशनीला लाळ सुटली.

ममताने ती लाळ पाहिली आणि दवाखान्याचं सांगितलं, पण गुरुवारी बाबाला दाखवीन, एवढंच ललिता म्हणाली. रात्रंदिवस तिच्या डोक्यात एकच. विष कुठून आलं? तिने घर उलटंपालटं केलं. भांडी घासली, पाण्याचा माठ फोडला, दळण फेकून दिलं. काही सापडेना. इकडे रोशनीचे डोळे पाझरू लागले.

घरात चूल पेटायला हवी म्हणून ती पुन्हा कामावर गेली. खाली मैदानात बन्सीलालभाऊंचा केळीचा बाग होता. परदेशी जाणाऱ्या केळीवर डाग चालत नाही, म्हणून झाडाला घड लागला की त्याला कमरेएवढी लांब निळी पिशवी चढवतात. यंदा भाऊंनी किडीचं औषध भिनवलेल्या पिशव्या आणल्या होत्या. आत किडा शिरला की मेलाच.

ममता शिडीवर चढली. घडाखालून पिशवी वर ओढताना तिचं तोंड पिशवीत गेलं, आणि तिने श्वास घेतला.

तो वास. बबलूच्या झबल्याला यायचा तो. त्याच्या टाळूला यायचा तो. शेवटच्या दिवशी पोटाशी आवळलं तेव्हा नाकात भरला होता तोच.

ती शिडीवरच बसली. खालून पार्वताबाईने हाक मारली. बुद्धवाड्यातली ही बाई बागेत तिची जोडीदारीण होती. "काय झालं गं ममता? चक्कर आली का?"

"पार्वताअक्का, घड कापल्यावर ह्या पिशव्या कोठे जातस?"

"कुठे म्हणजे? आधी नाल्यात टाकायचो, भाऊ पेटवून द्यायचे. आता तो मगन नेतो ना. भंगारात देतो म्हणे. तूच नाही का मागच्या महिन्यात त्याच्यासाठी घड्या घालून गठ्ठे बांधले?"

ममताने बांधले होते. तिनेच नव्हे, सगळ्या बायांनी. भाऊंनाही बरंच वाटलं होतं. कचरा फुकटात गेला, वर पुण्य लागलं. कचरा दारातून गेला की कुठे जातो, हे आपल्याकडे कोण विचारतं? नजरेआड झाला म्हणजे संपला. तो कुणाच्या तरी झोळीवर जाऊन बसतो, हे कळायला लेकरू जावं लागतं.

ती शिडीवरून उतरली ती धावतच पाड्यावर आली. ललिता रोशनीला दोन्ही कवचांत गुंडाळून बाबाकडे निघालीच होती. गुरुवार होता.

"सोड ते कवच," ममता धापा टाकत म्हणाली. "त्यामा केळीनी पिशवी शे. इख शे, ललिता. तेनाघाई बबलू गया."

ललिता मागे सरकली. "तू उसवाडी देखी का?"

"नही. वास..."

"वास!" ललिताने पोरीला उराशी ओढलं. तिची भीती तिच्या तोंडून भलतंच बोलून गेली. "तुनी झोळी रिकामी झाई, म्हनीसन मनीबी रिकामी करशी का?"

ललिता तरातरा बाबाच्या मांडवाकडे निघाली. ममताने डोळे पुसले, घरातून गुळाचा तुकडा आणि विळा घेतला आणि तिच्या मागोमाग गेली.

मांडव खचाखच भरलेला, कडेला नानीबाई आणि कुवरसिंगही होते. बाबाचं सुरू होतंच: "माशी म्हणजे रोग, रोग म्हणजे..."

"बाबा, माले कवच द्या," ममता सरळ पाटापाशी गेली.

पोटचं पोर जाऊनही भक्त परत आला, म्हटल्यावर बाबाला कोण आनंद! त्याने स्वतःच्या हाताने ताजं कवच दिलं. ममताने ते घेतलं आणि विळ्याचं टोक शिवणीत घातलं.

मांडवात किंकाळी उठली. "उसवू नको! उलटेल!" मगन धावला.

ममता त्याच्याकडे वळली. "उलटू दे. मनाकडे उलटाले आते काय राह्यनं शे?"

मगन जागच्या जागी थांबला. टर्रकन शिवण उसवली. मंत्राचा कागद नव्हताच. आत निळं प्लास्टिक घडी करून बसवलेलं. ममताने ते उलगडून वर धरलं. बोट जाईल एवढ्या भोकांच्या रांगा, वरच्या तोंडाला बांधायची पट्टी. समोर बसलेल्यांपैकी निम्म्या बायांनी त्याच आठवड्यात तसल्या पिशव्या आपल्या हातांनी घडांना चढवल्या होत्या.

"अवो माय," मागून कुणीतरी म्हणालं. "ही तं आपली केळीनी पिशवी!"

बाबा कसलेला. त्याने डोळे मिटले. "पिशवी साधीच असते, बालिके. शक्ती माझ्या मंत्राची. मंत्राने पिशवीत देव उतरतो."

"मंत्र कपडालेबी लागेल व्हई ना?" ममताने विचारलं.

"अर्थात! कापडाला, धाग्याला, सुईला!"

"मंग देखूत."

तिने गुळाच्या तुकड्याचे दोन खडे करून मांडवापुढे उघड्यावर ठेवले. एकावर बाबाचं भगवं कापड धरलं, मंत्रासकट, पण पिशवीशिवाय. दुसऱ्याकडे पार्वताबाई पुढे झाली. ती ममताच्या मागे धावत आली होती, हातात बागेतली नवी कोरी पिशवी, जिला बाबाचा वाराही लागला नव्हता. तिने ती दुसऱ्या खड्यावर धरली. सगळी माणसं वाकून बघू लागली. ढोल नाही, मगनचा आरडाओरडा नाही. फक्त माश्यांची घूंघूं.

बाबाच्या कापडाखालच्या गुळावर एक माशी बसली. मग दुसरी. मग तो खडा दिसेनासा झाला. पार्वताबाईच्या पिशवीखाली एक माशी शिरली, भेलकांडली आणि उताणी पडली.

"मुक्ती भेटी गई," कुणीतरी हळूच म्हणालं, पण कुणी हसलं नाही.

"हा पापी लोकांचा..." बाबा उठू लागला.

ममता त्याच्यासमोर गेली. हातात ती उसवलेली निळी पिशवी. "बाबा, मना बबलू हाई चावे. दात ई राह्यंतात त्याले. देवनं देणं म्हनीसन आम्ही चावू दिनं. तुम्ही एक डाव चावीसन दखाडा. फक्त कोपरा."

तिने कोपरा त्याच्या तोंडाजवळ नेला. आणि निर्मळनाथ बाबाने, जो माश्यांना मोक्ष देत होता, त्याने झटक्यात तोंड फिरवलं आणि दोन्ही हातांनी नाक-तोंड झाकून घेतलं.

त्या हातांनी सगळं सांगितलं. त्याला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पुढे पोलिसांनी नेल्यावर कळलं की बाबाचं नाव रुपचंद, कुठल्याशा गावी शेतीच्या औषधांच्या दुकानात कामाला होता, आणि जुन्या पिशवीचा जोर उतरलेला असला की कापडात शिवण्याआधी तिच्यावर पिचकारीही मारायचा. धुपाचा वास तो हाच. पण हे सगळं नंतर. त्या क्षणी मांडवात एकच आवाज आला, ललिताचा. तिने रोशनीच्या अंगाभोवतीची दोन्ही कवचं ओरबाडून फेकली आणि "कुवरभाऊ, गाडी काढ!" म्हणून टाहो फोडला.

डॉक्टर हेमांगींनी रोशनीच्या डोळ्यांत बॅटरी मारली, नळावर तिला साबणाने स्वच्छ धुतलं, इंजेक्शन दिलं. या वेळी औषध वेळेवर पोचलं. संध्याकाळपर्यंत पोरीने आईकडे बघून ओठ काढले आणि दणदणीत भोकाड पसरलं. ललिता ममताच्या पायांवर पडली. ममताने तिला उठवलं. एका घरात पोर परत आलं होतं, आणि ते तिचं घर नव्हतं.

ती पाड्यावर परतली तेव्हा नानीबाई उंबऱ्यावर बसली होती. म्हातारी मांडवात होती, तिने सगळं पाहिलं होतं. तिच्या मांडीवर बबलूचं झबलं होतं.

"ममता," ती म्हणाली, "खरं सांग. मीच बांधा ना व ते?"

नाही म्हणावं, असं ममताला फार वाटलं. म्हणावं की त्याची वेळ झाली होती, देवाची मर्जी होती. म्हातारीला झोप तरी लागेल. पण असलंच गोड बोलून तर बाबाने तिचं पोर खाल्लं होतं. ती सासूशेजारी जमिनीवर बसली.

"व्हय माय. तूच बांधा. माया करीसन बांधा. इख त्यानी भरं." तिने मांडीवरच्या झबल्यावर हात ठेवला. "आनी त्या पिशव्यास्न्या घड्या मी घाल्या व्हत्या."

मग दोघी सासू-सुना एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. बबलू गेल्यापासून दोघी पहिल्यांदाच एकत्र रडत होत्या. किती वेळ, कुणी मोजलं नाही.

रडून झाल्यावर ममताने सासूचं तोंड पदराने पुसलं. "माय, खालना पाडावर अजून झोळ्या शेतस. आज बठ्ठा मांडवमा उनात नव्हतात. मी सांगसू तं म्हनतीन, दुखमा डोकं फिरी गयं. तुनं आयकतीन."

"मी काय सांगू?"

"जे झायं ते."

नानीबाईने झबलं घडी करून आत ठेवलं. काठी घेतली. उतारावरून ती हळूहळू खालच्या पाड्यावर गेली आणि पहिल्याच घराच्या दारात उभी राहिली. आतून भगव्या चौकोनाखालची झोळी दिसत होती. घरातली तरुण बाई अदबीने पुढे आली, "ये नानीमाय, बस," म्हणाली.

नानीबाई बसली नाही.

"मना नातू ह्या कपडाखाल मरी गया," ती म्हणाली. "मी सोताना हातघाई बांधा व्हता. बाबाना आयकू नका, मनाबी आयकू नका. उसवा, आनी देखा."